खडूची होडी

समुद्राचा तास सुरू झाला की बाई सगळ्यात आधी पडदे ओढून घेत. दोरखान्याच्या तिन्ही खिडक्या थेट पाण्यावर उघडायच्या, आणि खिडकीत खरा समुद्र दिसत असला की एकही मूल समुद्राकडे लक्ष देत नाही, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव होता.

दोरखाना म्हणजे बंदरातली एक जुनी, लांबट खोली. एके काळी तिथे छतापर्यंत दोरांची वेटोळी रचलेली असत. दोर गेले, डांबराचा वास राहिला. पुढे ती खोली शेजारच्या प्राथमिक शाळेला मिळाली आणि शाळेने ती बाईंच्या गळ्यात घातली, कारण मुख्याध्यापकांना त्या वासाने शिंका यायच्या. भिंतींवर माशांचे तक्ते होते. कपाटात शिंपले होते. टेबलावर शार्कचा एक जबडा होता, त्यातले दात मुलं एकेक करून खिशात घालून नेत, त्यामुळे शार्क दर वर्षी थोडा म्हातारा होत होता. कोपऱ्यातला लोखंडी नांगर कोणाला उचलता येत नव्हता, म्हणून तो अजून होता.

दाराबाहेर ‘सागरी वारसा कक्ष’ असा फलक होता. तो लावणारे अधिकारी वर्षातून एक-दोनदा फलक जागेवर आहे का ते बघायला येत. बंदरात त्यांना सगळे वारसदार म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. “वारसा म्हणजे जे आता चालत नाही ते,” अशी त्यांची सुटसुटीत व्याख्या होती. बाईंनी ती मुलांकडून पाठ करून घेतली होती. सगळा घोळ तिथेच झाला. बाई शिकवत असलेल्या गोष्टींपैकी एक अजून चालत होती.

बाई मूळच्या समुद्राकडच्या नव्हेत. ज्या गावात त्या वाढल्या तिथे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे शाळेच्या गच्चीवरची टाकी. लग्न होऊन आल्या तेव्हा नवऱ्याने त्यांना धक्क्यावर नेलं आणि पाण्याकडे हात करून “हा” एवढंच म्हणाला, घरातल्या एखाद्या तापट वडीलधाऱ्याशी ओळख करून द्यावी तसं. बाईंनी त्या वडीलधाऱ्यापासून शेवटपर्यंत चार हात अंतर राखलं. होडीत त्या कधी बसल्या नाहीत. समुद्र त्यांनी पुस्तकातून शिकला आणि पुस्तकातलाच शिकवला. तरी पोरं त्यांना ‘समुद्रबाई’ म्हणत, आणि त्यांचा तास चुकू नये म्हणून ताप अंगावर काढत.

“बाई, मासे झोपतात का?”

“झोपतात. पण तुझ्यासारखे तासाला नाही.”

नवरा मालाच्या छोट्या बोटीवर खलाशी होता. माणूस लाघवी. त्याला कधीही हाक मारा, उत्तर एकच: “आलोच!” आणि यायचा तो जेवण गार झाल्यावर. त्या ‘च’चा आणि वेळेचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे बाईंनी लग्नानंतर लवकरच ओळखलं होतं. एके दिवशी सकाळी तो नेहमीसारखा “येतो” म्हणून निघाला. जाताना जातो कोण म्हणतं? बाई आतून “या” म्हणाल्या. परतीच्या वेळी धुकं उतरलं आणि बोट बंदराच्या तोंडाशी, खडकांच्या अलीकडे की पलीकडे ते कोणालाच कळलं नाही, नाहीशी झाली. फळकुटसुद्धा मिळालं नाही. बोटीवर रेडिओ होता, तो शेवटपर्यंत उत्तम चालत होता. मग बंद झाला. धक्क्यावर भोंगा होता, तो वाजत राहिला. माणूस मात्र धक्क्यावर कोणी नव्हतं. यंत्रं आल्यापासून त्याची गरज उरली नव्हती.

त्याआधी ते काम माणसं करत, आणि त्यांतली शेवटची म्हणजे बाईंची सासू. धुकं पडलं की ती धक्क्याच्या टोकाला उभी राहून हाक द्यायची. आता तिचे कान गेले होते. जन्मभर कानावर पोट भरलेल्या बाईच्या बाबतीत हे जरा अतीच झालं, पण सासूबाईंनी ते मनावर घेतलं नव्हतं, कारण त्यांनी ते मान्यच केलं नव्हतं. घराच्या दाराला मात्र बोट नाहीशी झाली त्या दिवसापासून त्यांनी कडी लावू दिली नव्हती. दार नुसतं लोटलेलं असायचं. या सोयीचा फायदा आतापर्यंत एक मांजर आणि एक विमा एजंट अशा दोघांनीच घेतला होता.

तिसरीच्या मुलांना जुन्या बंदराची काहीतरी गंमत शिकवावी म्हणून बाईंनी सासूबाईंकडून ती हाक शिकून घेतली. पद्धत सोपी होती. धुक्यात काही दिसत नाही, तेव्हा धक्क्यावरून विचारायचं, “कुठवर?” होडीने म्हणायचं, “आलो.” आवाजावरून होडी कुठे आहे ते कळायचं. होडी तोंडाशी आली की थांबून विचारायची, “येऊ?” धक्क्यावरून “ये” आलं तरच आत शिरायचं. “ये” आलं नाही तर बाहेर थांबायचं. कितीही वेळ लागो, थांबायचं.

“‘कुठवर’ असं वर्गात विचारल्यासारखं नाही विचारायचं,” सासूबाई म्हणाल्या. “पुढचं झटकन सोडून द्यायचं, ‘वर’ लांबवायचं. पाण्यावरून शेपूट जातं, डोकं नाही.”

“आणि येऊ द्यायचं नसलं तर? तोंडाशी लाटा असल्या तर काय म्हणायचं?”

बाईंनी पुन्हा, मोठ्याने विचारलं.

“ओरडतेस कशाला, बहिरी आहे का मी?” सासूबाई म्हणाल्या. मग, “येऊ द्यायचं नाही असं कधी कोणाला वाटतं का गं?”

“पण शब्द असेल ना काहीतरी.”

“असेल. तू मुलांना ‘ये’ शिकव. मुलांचा आवाज लांब जातो.”

तेव्हा बाईंना हे मुलांचं कौतुक वाटलं.

मग खेळ सुरू झाला. दोरखान्याच्या फरशीवर बाई खडूने मोठी होडी काढत, आठ जणांची. आठ मुलं आत बसत, उरलेला वर्ग म्हणजे धक्का. होडीतले म्हणत, “येतो!” धक्का म्हणे, “या!” मग दिवा बंद, पडदे बंद, धुकं. “कुठवर?” “आलो!” मुलांना हा खेळ इतका आवडला की शार्कच्या दातांची चोरी थांबली.

पहिल्यांदा काय झालं ते बाईंच्या लक्षातच आलं नसतं. अंधारात आठही जणांचं “आलो” येऊन गेलं, आणि मग मागून, जरा उशिरा, आणखी एक आलं. जाड आवाजात. बाईंनी दिवा लावला आणि वर्गातल्या ‘भोंग्या’कडे बघितलं. या मुलाचा साधा श्वाससुद्धा बाहेरच्या रस्त्यावर ऐकू यायचा, म्हणून हे नाव.

“मी नाही बाई! शप्पथ! माझ्या तोंडात पेन्सिल होती!”

पेन्सिल खरंच होती. बाईंनी ती काढून घेतली आणि विषय संपवला.

पुढच्या आठवड्यात आठांच्या होडीत सातच मुलं बसली. मागची, सुकाणूची जागा कोणी घेईना. एरवी त्या जागेवरून मारामाऱ्या व्हायच्या.

“तिथे कोणीतरी बसा रे.”

“तिथे बसलेत ना,” चिमणी म्हणाली. वर्गातली सगळ्यात लहान मुलगी, आवाजही तसाच. ती सुकाणूच्या पुढच्याच जागेवर बसली होती.

“कोण बसलंय?”

“काका.” बाईंनी फळ्यावर स्पष्ट लिहिलेलं परत विचारावं, तशा सुरात ती म्हणाली.

दिवा लावून बघितलं तर त्या जागेवरची खडूची रेघ पुसली होती. फरशी ओली होती. बाईंनी ती पुसून घेतली आणि छप्पर गळत असल्याची तक्रार केली. गवंडी आला, वर चढला, खाली उतरला, ओल्या फरशीला बोट लावून त्याने ते जिभेवर टेकवलं आणि थुंकला.

“वरून नाही गळत, बाई.”

“मग?”

“मला छपराचं सांगितलं होतं,” गवंडी म्हणाला आणि शिडी घेऊन गेला. कामाची हद्द इतकी नेमकी जाणणारा माणूस क्वचितच भेटतो.

तिसऱ्या आठवड्यात मुलं “आलो” म्हणेनात. “आलोच!” म्हणायला लागली. अगदी तशी, ‘लो’वर हेल काढून, ‘च’ हसत हसत सोडून देत. बाईंच्या हातातला खडू मोडला.

“‘च’ कोणी शिकवला तुम्हाला?”

“काकांनी,” दोघं-तिघं एकदम म्हणाले. भोंग्याने भर घातली, “बाई, ते नेहमी म्हणतात आलोच, पण येत नाहीत. आम्ही हसलो त्यांना.”

बाई खुर्चीत बसल्या. हसावं की घाबरावं ते त्यांना ठरवता येईना. इतक्या वर्षांत त्या माणसाची एवढी अचूक नक्कल कोणी केली नव्हती.

शहाण्या माणसाने इथे खेळ बंद केला असता. बाईंनी केलाही. एक आठवडा त्यांनी भरती-ओहोटी शिकवली, चंद्राच्या आकृत्या काढून. पण मधल्या सुट्टीत खिडकीतून बघतात तो शाळेच्या पटांगणात मुलांनी स्वतःच होडी काढलेली, आणि अर्धा वर्ग पाण्याकडे तोंड करून “कुठवर?” ओरडतोय. पटांगणात करण्यापेक्षा डोळ्यांसमोर केलेलं बरं, असं बाईंनी स्वतःला समजावलं. ते कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्यांना तो ‘च’ पुन्हा ऐकायचा होता.

घरी भाजी चिरता चिरता त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाई दचकल्या नाहीत. ओळखीचा पत्ता बरोबर निघाल्यासारख्या त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

“‘येऊ’ विचारलं का त्याने?”

“अजून नाही.”

“विचारेल. मग ‘ये’ म्हण.”

“आई, काय येईल ते माहीत आहे का आपल्याला? इतकी वर्षं पाण्यात…”

“जसा असेल तसा येईल. माझा आहे.”

“माझेही आहेत,” बाई म्हणाल्या. “पण तिथे मुलं असतात.”

सासूबाईंना हे ऐकू आलं नाही. त्यांना काय ऐकू येत नाही याची निवड आजकाल फार नेमकी होत होती.

पुढच्या तासाला ‘येऊ?’ आलं. फार लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं. बाईंनी झटकन दिवा लावला, त्यामुळे धक्क्यावरच्या मुलांचं ‘ये’ तोंडातच राहिलं. तास संपल्यावर मुलं “येतो बाई” म्हणत पळाली. चिमणी मागे राहिली. तिचे मोजे ओले होते.

“बाई, काकांच्या मागे रांग आहे.”

“कसली रांग?”

“खूप होड्या. सगळे थांबलेत. कोणी त्यांना ये म्हटलंच नाही ना.” चिमणी दप्तराचा पट्टा चावत होती. “काका म्हणाले, आम्ही उतरलो की तुम्ही बसा. होडी रिकामी ठेवत नाहीत.”

“तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, बाईंना विचारते.”

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस खारे, चिकट लागले. “बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “कोणी काही विचारलं तर असंच सांगायचं. बाईंना विचारते.”

त्यांनी ठरवलं, आता बास. होडी नाही, खेळ नाही. आणि नेमके त्याच संध्याकाळी वारसदार उत्साहाने फुलून दोरखान्यात आले. बंदरातली शेवटची हाक देणारी बाई हयात आहे, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती. घरी सासूबाई नवी साडी काढून ठेवत होत्या.

“जिवंत वारसा, बाई! जिवंत!” वारसदार म्हणाले. “परवा पाहुणे आणतो. मुलं, आजी, धुकं, सगळं जसंच्या तसं हवं.”

“साहेब, जे चालत नाही तो वारसा, असं तुम्हीच…”

“म्हणून तर दाखवायचं!”

बाईंनी मुख्याध्यापकांना गाठलं. त्यांनी शिंकत शिंकत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाहुण्यांसाठी चहाचं बघा.”

तो दिवस लख्ख उन्हाचा उजाडला. बाहेर पाणी असं चमकत होतं की धुकं हा शब्दसुद्धा खोटा वाटावा. आत पडदे ओढलेले. पाहुणे कपाटापाशी दाटीने उभे होते. सासूबाई मुलांच्या बरोबरीने, धक्क्याच्या बाजूला खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बाईंनी होडी काढली. सात मुलं बसली. “आठवं कुठे आहे?” असं एका पाहुण्याने विचारलं, तेव्हा भोंग्या म्हणाला, “येतायत ते.”

“येतो!” होडी म्हणाली.

“या!” धक्का म्हणाला.

दिवा बंद झाला. सासूबाईंनी हाक दिली. म्हाताऱ्या छातीतून एवढा आवाज निघेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. “कुठवर” मधलं ‘वर’ भिंतींना लागून कुठेतरी खाली, फरशीखाली गेलं आणि जातच राहिलं.

“आलोच,” मुलांच्या आधी उत्तर आलं.

दारातून. दोन हातांवरून. पाहुण्यांपैकी कोणीतरी कौतुकाने “वा” म्हणालं. खोलीतला डांबराचा वास नाहीसा होऊन त्या जागी ओल्या, पाण्यात फार दिवस राहिलेल्या कपड्यांचा वास आला. बाईंच्या चपलेखाली पाणी होतं. अंधाराला डोळे सरावले तसं त्यांना दिसलं, की होडीतली मुलं हलत नव्हती, पण होडी हलत होती. खडूची रेघ हळूच वर जात होती, खाली येत होती. चिमणीने उठायला एक गुडघा उचलला होता. कोणासाठी तरी जागा करून देत असल्यासारखी ती बाजूला झुकली होती.

“येऊ?” आवाजाने विचारलं.

तो थकलेला होता. त्यात हसू नव्हतं, ‘च’ नव्हता. बाहेर थांबून थांबून माणूस शेवटी दारातच बसावा, तसा होता. त्याच्या मागे, लांबवर, आणखी कितीतरी आवाजांनी तेच विचारलं, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं.

सासूबाईंना काहीच ऐकू आलं नसावं. पण मुलांनी श्वास भरला हे त्यांना दिसलं, आणि त्यांनीही भरला. सगळा धक्का ‘ये’ म्हणायला तोंड उघडत होता, कारण बाईंनी तसंच शिकवलं होतं. बाईंच्या स्वतःच्या तोंडात ‘या’ आला होता. नवऱ्याला त्या कधी ‘ये’ म्हणाल्या नव्हत्या. तो ‘या’ इतका सवयीचा होता, की नुसते ओठ उघडायचा अवकाश.

आणि तेव्हा सासूबाईंनी न शिकवलेला शब्द त्यांना सापडला. तो काही बंदराचा खास शब्द नव्हता. कोणालाही येतो असा होता. दारातून निघालेल्या माणसाला तेवढा कोणी म्हणत नाही.

“जा,” बाई म्हणाल्या.

मुलं थबकली. सासूबाईंचा श्वास तसाच अडकून राहिला.

“अहो, जा,” बाई पुन्हा म्हणाल्या. आता आवाज फुटला होता, तरी त्यांनी शेपूट लांबवलं, सासूबाईंनी शिकवलं होतं तसं. “इथे तोंड बंद आहे. माघारी जा. सगळे जा.”

काहीच हललं नाही. मग फरशीवरचं पाणी चपलेखालून सावकाश मागे सरायला लागलं, आणि दारापाशी, ज्या आवाजात तो भरल्या ताटावरून उठून जायचा अगदी त्याच समंजस आवाजात, उत्तर आलं.

“बरं. येतो.”

बाईंनी दिवा लावला. चिमणी मटकन खाली बसली आणि रडायला लागली. होडी पुसली गेली होती, एक आडवी रेघ सोडून. टाळ्या वाजल्या. वारसदारांचे डोळे पाणावले होते. “शेवटचं ते ‘जा’ आमच्या माहितीत नव्हतं,” ते म्हणाले. “फलकावर घ्यायला हवं.”

घरी आल्यावरही सासूबाईंनी नवी साडी बदलली नाही. दिवेलागणीला त्या दाराशी पाट ओढून बसल्या, लोटलेल्या दाराकडे तोंड करून.

“तू ‘जा’ म्हणालीस,” त्या म्हणाल्या. “तुझे ओठ दिसले मला.”

“हो, आई.”

“तो होता ना? नक्की तो होता?”

“तेच होते.”

रस्त्यावरून सायकली गेल्या.

“जाताना काय म्हणाला?”

बाईंनी कढईवर झाकण ठेवलं. वर्गात त्यांनी आजवर एकही चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. माहीत नसलं की उद्या सांगते म्हणायच्या. त्या वळल्या आणि म्हातारीला ओठ नीट दिसतील अशा समोर येऊन बसल्या.

“जातो म्हणाले.”

“जातो?”

“जातो.”

सासूबाईंनी तो शब्द एकदा स्वतःशी, आवाज न करता म्हणून बघितला. मग गुडघ्यांवर हात टेकून त्या उठल्या आणि दाराला कडी लावली. ती इतक्या वर्षांत गंजून घट्ट झाली होती. दोन्ही हातांनी ओढावी लागली. मग हात धुऊन त्या पानावर बसल्या आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवल्या.

बाई जेवल्या नाहीत. त्या दाराच्या रोखाने बसून राहिल्या. सासूबाईंना आता काही ऐकू येणार नव्हतं. बाईंचे कान चांगले होते.